महाराष्ट्रातील व्यावसायिक टेनिस स्पर्धा आणि पुरुष दुहेरी : मुंबई ते बालेवाडी (२००६ ते २०२३)

प्रस्तावना

भारतीय क्रीडा इतिहासाच्या लेखनात टेनिसला स्थान मिळाले ते प्रामुख्याने डेव्हिस चषक आणि ग्रँडस्लॅम स्पर्धांच्या निमित्ताने. वर्षभर जगातील निरनिराळ्या शहरांत चालणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांकडे, आणि त्यातही दुहेरीच्या सामन्यांकडे, अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वृत्तपत्रांत एकेरीच्या विजेत्याचे छायाचित्र छापले जाते आणि दुहेरीचा निकाल बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात येतो. भारताच्या बाबतीत मात्र ही मांडणी उलटी करावयास हवी. गेल्या तीन दशकांत जागतिक टेनिसमध्ये भारतीय पुरुषांनी जे यश मिळविले, त्याचा फार मोठा भाग दुहेरीचा आहे.

व्यावसायिक टेनिसपटूंची जागतिक संघटना म्हणजे एटीपी. तिच्या मुख्य मालिकेतील पुरुषांची स्पर्धा महाराष्ट्रात सात वेळा झाली : २००६ व २००७ साली मुंबईत, आणि २०१८, २०१९, २०२०, २०२२ व २०२३ साली पुण्याजवळील बालेवाडी येथे. प्रस्तुत लेखात या सात स्पर्धांतील पुरुष दुहेरीचा विचार केला आहे. सातपैकी पाच अंतिम सामन्यांत भारतीय खेळाडू होते आणि तीन वेळा विजेतेपदात भारतीयाचा वाटा होता. एकेरीत याच सात स्पर्धांमध्ये एकाही भारतीयाला अंतिम फेरी गाठता आली नाही. हा फरक योगायोगाचा मानता येत नाही. त्याची कारणे दुहेरीच्या नियमांत, प्रवेशाच्या पद्धतीत आणि स्पर्धेच्या मालकीच्या स्वरूपात शोधावी लागतात.

पूर्वपीठिका

महाराष्ट्राला टेनिस नवे नव्हते. मुंबईतील जिमखाने व पुण्याचे डेक्कन जिमखाना यांच्या आश्रयाने हा खेळ येथील मध्यमवर्गात रुजला. १९७४ साली डेव्हिस चषकाची भारत विरुद्ध सोव्हिएत संघ ही लढत पुण्यात झाली. ती जिंकून भारत अंतिम फेरीत पोहोचला. पण वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळताच गेला. दुहेरीपुरते बोलायचे तर दोन घटना नोंदविल्या पाहिजेत. १९९२ साली विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत महेश भूपती व पुण्याचे नितीन कीर्तने यांची जोडी उपविजेती ठरली. १९९४ साली हिरोशिमा येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत लिएंडर पेस यांच्यासह गौरव नाटेकर यांनी पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. ज्येष्ठ बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचे ते चिरंजीव. याच १९९४ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. पुढे चोवीस वर्षांनी एटीपीची स्पर्धा येथेच येणार होती.

भारतातील एटीपी स्पर्धेचा आरंभ मात्र महाराष्ट्रात झाला नाही. १९९६ साली ती दिल्लीत झाली आणि १९९७ पासून चेन्नईत स्थिरावली. पेस आणि भूपती यांनी एकत्र मिळविलेले पहिले एटीपी विजेतेपद १९९७ च्या चेन्नईतील आहे. त्यानंतर १९९८, १९९९, २००२ आणि २०११ असे आणखी चार वेळा ही जोडी तेथे विजयी झाली. १९९९ साली चारही ग्रँडस्लॅम स्पर्धांच्या दुहेरीत अंतिम फेरी गाठणारी ही जोडी चेन्नईत घरच्या प्रेक्षकांसमोर घडली, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही. आपल्या शहरात स्पर्धा असणे म्हणजे काय, याचा हा पहिला भारतीय धडा होता.

मुंबईतील दोन वर्षे

२००५ साली व्हिएतनाममधील हो ची मिन्ह सिटी येथे झालेली एक एटीपी स्पर्धा २००६ मध्ये मुंबईत आली. एका विमान कंपनीच्या नावाने ती ओळखली जाई आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात ती खेळली गेली. एकेरीत रशियाचे दिमित्री तुर्सुनोव विजेते ठरले. दुहेरीच्या अंतिम सामन्यात एका बाजूला महेश भूपती व क्रोएशियाचे मारिओ आन्सिच आणि दुसऱ्या बाजूला रोहन बोपण्णा व मुस्तफा घौस अशी लढत झाली. चौघांपैकी तिघे भारतीय होते. भूपती-आन्सिच यांनी पहिला सेट ६-४ असा घेतला, दुसरा टायब्रेकमध्ये गमावला आणि निर्णायक सुपर टायब्रेक १०-८ असा जिंकला.

या सुपर टायब्रेकविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण या लेखातील पुढील सगळी चर्चा त्याभोवती फिरते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी दुहेरीचे सामने लांबतात, दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात बसत नाहीत आणि एकेरीतील नामवंत खेळाडू दुहेरी टाळतात, अशी आयोजकांची तक्रार होती. २००५ साली एटीपीने दुहेरीत मोठे बदल सुचविले. एकेरी खेळणाऱ्यांना प्रवेशात झुकते माप देण्याचा भागही त्यात होता. केवळ दुहेरीवर उपजीविका करणाऱ्या खेळाडूंनी याविरुद्ध अमेरिकेत न्यायालयाचे दार ठोठावले. अखेरीस तडजोड झाली आणि २००६ पासून दोन नियम कायम झाले. पहिला असा की, गेममध्ये दोन्ही बाजू ४०-४० वर आल्यास ॲडव्हांटेज न खेळता एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो आणि सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची हे परतीचा फटका मारणारी जोडी ठरविते. दुसरा असा की, सेट १-१ असे झाल्यास तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक खेळला जातो. दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत तो लांबू शकतो.

म्हणजे मुंबईतील २००६ ची स्पर्धा या नियमांच्या पहिल्याच पूर्ण वर्षातली. महाराष्ट्रातील एटीपी दुहेरीचा संपूर्ण इतिहास हा नव्या नियमांखालील इतिहास आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

२००७ च्या स्पर्धेत बोपण्णा पुन्हा अंतिम फेरीत आले. या वेळी त्यांचे जोडीदार होते पाकिस्तानचे ऐसाम उल हक कुरेशी. स्वीडनचे रॉबर्ट लिंडस्टेट व फिनलंडचे यार्को निएमिनेन यांनी दोन्ही सेट टायब्रेकमध्ये जिंकून विजेतेपद मिळविले. निकालापेक्षा त्या जोडीचे मुंबईत एकत्र उतरणे अधिक बोलके आहे. हीच जोडी २०१० साली अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली तेव्हा साऱ्या जगाने तिची दखल घेतली. त्याआधी तीन वर्षे चर्चगेटच्या मैदानावर भारत व पाकिस्तानचे दोन खेळाडू एकाच बाजूला उभे राहिले होते. २००८ च्या नोव्हेंबरनंतर मुंबईत असे चित्र दिसणे किती अवघड झाले, हे वेगळे सांगावयास नको. २००८ ची स्पर्धा बंगळूरला व्हायची होती. ती सुरक्षेच्या कारणास्तव रद्द झाली. मुंबईचा अध्याय दोनच वर्षांत आटोपला.

बालेवाडीतील पाच स्पर्धा

मधल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात दुय्यम स्तरावरील चॅलेंजर स्पर्धा होत राहिल्या, पण मुख्य मालिकेतील स्पर्धा नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये बालेवाडीत भारत विरुद्ध न्यूझीलंड ही डेव्हिस चषक लढत झाली. डेव्हिस चषकात दुहेरीतील त्रेचाळिसावा विजय मिळवून विश्वविक्रम करण्याची संधी पेस यांना होती. विष्णू वर्धन यांच्यासह ते तो सामना हरले आणि विक्रमासाठी त्यांना एप्रिल २०१८ मधील चीनविरुद्धच्या लढतीपर्यंत थांबावे लागले. भारताने पुण्यातील लढत मात्र जिंकली.

त्याच वर्षी चेन्नईची स्पर्धा पुण्यात हलविण्याचा निर्णय जाहीर झाला. चेन्नईतील अखेरचा दुहेरीचा अंतिम सामना जानेवारी २०१७ मध्ये झाला होता आणि त्यात चारही खेळाडू भारतीय होते. बोपण्णा व जीवन नेदुंचेझियन यांनी पूरव राजा व दिविज शरण यांना हरविले होते. ही परंपरा पुण्याला आयती मिळाली. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने स्पर्धेचे यजमानपद स्वीकारले.

जानेवारी २०१८ मधील पहिल्या स्पर्धेत नेदरलँड्सचे रॉबिन हासे व माटवे मिडलकूप यांनी फ्रान्सचे पिएर-ह्यूग एर्बेर व जिल सिमॉन यांना ७-६, ७-६ असे हरविले. सिमॉन हे त्याच स्पर्धेतील एकेरीचे विजेते होते. एकेरीतील खेळाडू दुहेरीकडे पाठ फिरवितात हा समज किमान त्या आठवड्यात तरी खरा ठरला नाही.

२०१९ ची स्पर्धा भारतीयांची ठरली. बोपण्णा आणि शरण यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले होते. नव्या वर्षात दोघांनी नियमितपणे एकत्र खेळायचे ठरविले आणि वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात पुण्यात ब्रिटनच्या ल्यूक बॅम्ब्रिज व जॉनी ओमारा यांना ६-३, ६-४ असे नमविले. एटीपी मालिकेतील या जोडीचे ते पहिले विजेतेपद. वाटेत त्यांना पेस व मेक्सिकोचे मिगेल आंखेल रेयेस-वारेला यांच्याशी खेळावे लागले आणि तो सामना सुपर टायब्रेकपर्यंत गेला. भारतीय दुहेरीच्या दोन पिढ्या जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या होत्या. अंतिम सामन्यापेक्षा हाच सामना अधिक चुरशीचा होता.

२०२० मध्ये स्पर्धा जानेवारीऐवजी फेब्रुवारीत आली. कारकिर्दीतील अखेरचे वर्ष म्हणून घोषणा केलेले शेहेचाळीस वर्षांचे पेस ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डन यांच्यासह खेळले. विजेतेपद स्वीडनचे आंद्रे योरानसन व इंडोनेशियाचे ख्रिस्तोफर रुंगकट यांना मिळाले. इस्रायलचे जोनाथन एर्लिच व बेलारूसचे आंद्रेई वासिलेव्स्की यांच्यावर त्यांनी ६-२, ३-६, १०-८ अशी मात केली. २०२१ ची स्पर्धा कोरोनाच्या साथीमुळे झाली नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत बोपण्णा पुन्हा अंतिम फेरीत होते. या वेळी चेन्नईच्या रामकुमार रामनाथन यांच्यासह. महिन्यापूर्वीच या दोघांनी ॲडलेडची स्पर्धा जिंकली होती. ऑस्ट्रेलियाचे ल्यूक सॅव्हिल व जॉन-पॅट्रिक स्मिथ यांनी पहिल्या सेटचा टायब्रेक १२-१० असा घेतला. भारतीय जोडीने दुसरा सेट ६-३ आणि सुपर टायब्रेक १०-६ असा जिंकला. २०२३ च्या जानेवारीत श्रीराम बालाजी व जीवन नेदुंचेझियन ही तामिळनाडूची जोडी अंतिम सामन्यात पोहोचली, पण बेल्जियमचे सँडर गिले व जोरान व्लिगेन यांनी त्यांना ६-४, ६-४ असे हरविले. बालेवाडीतील एटीपी मुख्य मालिकेचा तो शेवटचा दुहेरी सामना होता.

निकालांवरून काय दिसते

सात अंतिम सामन्यांचे गुणफलक एकत्र ठेवल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. २००६, २०२० आणि २०२२ चे सामने सुपर टायब्रेकमध्ये संपले. २००७ आणि २०१८ मध्ये दोन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. टायब्रेकची पायरी न चढता निकाल लागला तो केवळ २०१९ व २०२३ या दोन वर्षी. म्हणजे सातांपैकी पाच विजेतेपदे मोजक्या चार-सहा गुणांनी ठरली. जुन्या नियमांत पूर्ण तिसऱ्या सेटमध्ये अनुभवी जोडीचे पारडे हळूहळू जड होत असे. नव्या नियमांत तेवढा अवकाश उरला नाही. नवखी जोडी मातब्बर जोडीला अधिक वेळा हरवू लागली. योरानसन व रुंगकट यांचे विजेतेपद या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दोघांचेही ते एटीपी मालिकेतील पहिलेच.

दुसरा परिणाम वयासंबंधीचा आहे. सामने लहान झाल्याने शरीरावरील ताण कमी झाला आणि दुहेरीतील कारकीर्द लांबली. बोपण्णा यांचा महाराष्ट्रातील आलेख हेच सांगतो. २००६ साली सव्विसाव्या वर्षी ते येथे अंतिम सामना हरले, २००७ साली पुन्हा हरले, २०१९ साली जिंकले आणि २०२२ साली बेचाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा जिंकले. सात अंतिम सामन्यांपैकी चारांत, चार वेगवेगळ्या जोडीदारांसह, एकच खेळाडू दिसतो. जानेवारी २०२४ मध्ये एब्डन यांच्यासह ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा जिंकून ते त्रेचाळिसाव्या वर्षी जागतिक दुहेरी क्रमवारीत अव्वल ठरले. त्या स्थानी प्रथमच पोहोचणारे ते सर्वांत वयस्क खेळाडू होत. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. कोडगूत वाढलेल्या बोपण्णा यांनी उमेदीच्या काळात पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे सराव केला होता. तेव्हा बालेवाडी त्यांना सर्वस्वी परकी नव्हती.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो अडचणीचा आहे. या सात अंतिम सामन्यांत महाराष्ट्राच्या टेनिसमधून वर आलेला खेळाडू कोठे आहे? बोपण्णा यांचा पुण्यातील सराव सोडला, तर उत्तर नकारार्थी येते. प्रेक्षक, मैदान, पंच, चेंडू उचलणारी मुले आणि शासनाने उभारलेले संकुल महाराष्ट्राचे होते. चषक उचलणारे भारतीय हात प्रामुख्याने दक्षिणेकडचे आणि दिल्लीकडचे होते. स्पर्धा आणली म्हणजे खेळाडू आपोआप घडतात, ही समजूत या पुराव्यावर टिकत नाही. ग्रामीण मराठवाड्यात तर कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉलच्या मैदानांना लागून टेनिस कोर्ट असणे हीच दुर्मीळ गोष्ट. लासूर स्टेशन परिसरातील प्रेक्षकाला बालेवाडी आणि मेलबर्न यांत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर फारसा भेद जाणवला नसेल.

दरवाजा आणि त्याची किल्ली

तथापि विजेत्यांची नावे मोजून स्पर्धेचे मूल्यमापन करणे पुरेसे नाही. एटीपीच्या या स्तरावरील स्पर्धेत दुहेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये सोळा जोड्या असतात आणि प्रवेश दोघांच्या एकत्रित क्रमवारीवर ठरतो. क्रमवारी गुणांवर अवलंबून, आणि गुण मिळवायचे तर प्रवेश हवा. या चक्रातून नव्या खेळाडूला बाहेर काढणारा मार्ग म्हणजे वाइल्ड कार्ड. मोजक्या जागा आयोजकांच्या हाती असतात आणि त्या बहुधा यजमान देशाच्या खेळाडूंना दिल्या जातात. पहिल्या फेरीत हरणाऱ्या जोडीच्या पदरी गुण पडत नाहीत. विजेत्यांना प्रत्येकी २५० मिळतात. दुहेरीत एका चांगल्या आठवड्याने खेळाडूचे पूर्ण वर्ष बदलू शकते, आणि एकेरीच्या तुलनेत तेथे पोहोचण्यासाठी कमी सामने जिंकावे लागतात : सोळांच्या ड्रॉमध्ये केवळ चार. चेन्नई आणि पुण्यातील भारतीय यशामागे कौशल्य होतेच. पण प्रवासखर्चाशिवाय, ओळखीच्या हवेत, आपल्या माणसांसमोर मिळणारी ही संधीही होती.

ही संधी कोणाच्या मालकीची होती? येथे सर्वसामान्य क्रीडारसिकाचा गैरसमज होतो. एटीपी स्पर्धेचा परवाना शहराचा वा राज्याचा नसतो. दिल्ली, चेन्नई आणि पुणे येथे खेळली गेलेली स्पर्धा ही एकाच परवान्याची क्रमाने बदललेली तीन ठिकाणे होत आणि त्यामागे आयएमजी ही आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन कंपनी होती. चेन्नईतून ती पुण्यात आली तेव्हा महाराष्ट्राला आनंद झाला. चेन्नईची एकवीस वर्षांची परंपरा तुटली याचे दुःख येथे फारसे कोणी मानले नाही. २०२४ च्या वेळापत्रकात जानेवारीचा तोच आठवडा हाँगकाँगकडे गेला आणि पुण्यावर तीच वेळ आली. १९९६ पासून, साथीचे वर्ष वगळता, सलग चालत आलेले भारतातील मुख्य मालिकेचे पर्व २०२३ च्या जानेवारीत थांबले.

मैदान मागे राहते आणि खाजगी परवाना निघून जातो, हे मुंबईतही २००७ नंतर दिसले होते. दुहेरीच्या खेळाडूंना याची झळ अधिक बसते. एकेरीत चढायची इच्छा असलेल्या तरुणाला चॅलेंजर स्पर्धांतून पायरीपायरीने वर जाता येते. दुहेरीत मात्र जोडी टिकविणे, दोघांचे वेळापत्रक आणि खर्च जुळविणे हे परदेशात राहून करावे लागते आणि बक्षिसाची रक्कम एकेरीपेक्षा पुष्कळ कमी असते. घरची एक मोठी स्पर्धा हा त्या हिशोबातील महत्त्वाचा आधार होता.

पुण्याच्या अर्जुन कढे यांचे उदाहरण येथे नोंदविण्याजोगे आहे. १९९४ साली, म्हणजे बालेवाडीचे संकुल उभे राहिले त्याच वर्षी जन्मलेले कढे अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाकडून महाविद्यालयीन टेनिस खेळले. बालेवाडीच्या स्पर्धेत त्यांना वाइल्ड कार्डे मिळाली, पण चषक मिळाला नाही. नंतर त्यांनी दुहेरीवर भर दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बालेवाडीत एटीपीच्या मुख्य मालिकेची नव्हे, तर चॅलेंजर दर्जाची स्पर्धा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कझाकस्तानातील अल्माटी येथे कढे आणि ऋत्विक बोल्लिपल्ली यांनी कोलंबियाचे निकोलस बारिएन्तोस व ट्युनिशियाचे स्कँडर मन्सूरी यांच्याविरुद्ध पहिला सेट ३-६ असा गमावला, दुसरा टायब्रेकमध्ये घेतला आणि सुपर टायब्रेक १४-१२ असा जिंकला. एटीपी मुख्य मालिकेतील दोघांचे ते पहिले विजेतेपद होते.